माहेरपणाची मुदत

पदव्युत्तर वर्गाला स्थलांतराच्या साहित्याविषयी शिकवताना दरवर्षी आमच्या फळ्यावर तेच शब्द उमटतात: तुटलेपण, परात्मता, मुळे उखडली जाणे, ओळखीचा पेच. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आमचे आम्हांला परत करतात. दोन वर्षांपूर्वी असाच तास चालू असताना मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती वसई तालुक्यातल्या कळंबची. तिचे काका आखातात नोकरीला आहेत. ती म्हणाली, "सर, हे सगळं पटतं. पण काका सुट्टीवर येतात तेव्हा आमच्या घरात सगळे नुसते खूश असतात. ते कुठल्या मुद्द्यात लिहायचं?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि 'स्मरणरंजनाच्या मुद्द्यात लिही' असे काहीतरी सांगून पुढे गेलो. ते उत्तर चुकीचे होते, हे आमच्या ध्यानात यायला काही दिवस जावे लागले. स्मरणरंजन दूर असलेल्या माणसाचे असते. ती मुलगी विचारत होती ते भेटीविषयी, आणि तेही ज्याच्या घरी कुणी येते त्याच्या बाजूने. परदेशी राहणारा माणूस आपल्या माणसांत परततो तेव्हा दोन्ही बाजूंना होणारा आनंद, या साध्या आणि सार्वत्रिक अनुभवासाठी आमच्या समीक्षेच्या पेटीत एकही अवजार नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

हा आनंद आमच्या नजरेतून का निसटला, याचा आम्ही आधी साहित्याच्या अंगाने शोध घेतला. मराठीत परदेशातून मायभूमीची आठवण काढणारी कविता म्हटली की पहिले नाव येते ते सावरकरांच्या 'सागरास' या कवितेचे. १९०९ साली इंग्लंडमधील ब्रायटनच्या किनाऱ्यावर ती रचली गेली. पण ज्या समुद्राला मायदेशी नेण्याची विनवणी केली, त्याच समुद्रावरून सावरकर १९१० साली परतले ते बंदिवान होऊन. ओढीची कविता आहे. भेटीची असणे शक्यच नव्हते. त्याआधीचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेऊन त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ'मुळे ही कहाणी घरोघरी पोचली. परंतु ती वाचणाऱ्याच्या मनात राहतो तो अकाली मृत्यू. बंदरावर पाऊल ठेवल्यापासून अखेरपर्यंतच्या त्या तीन-साडेतीन महिन्यांत आपली माणसे, आपली भाषा, आपले अन्न पुन्हा लाभल्याचे काही क्षण असतीलच; त्यांच्याकडे आमचे लक्ष जात नाही. पंडिता रमाबाई १८८९ च्या आरंभी अमेरिकेहून परतल्या आणि मार्च महिन्यात त्यांनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेविषयीचे मराठी पुस्तक आले. पाहिलेल्या परक्या देशाविषयी ग्रंथ झाला, परतण्याविषयी नाही.

याची दोन कारणे आम्हांला दिसतात. पहिले ऐतिहासिक. एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या स्वागताआधी त्याच्या शुद्धीचा प्रश्न उभा राही. प्रायश्चित्त, पंक्तिव्यवहार, नातलगांचा बहिष्कार अशा गोष्टींनी घराचा उंबरठा अडवलेला असे. तिथे परतण्याचा प्रसंग कसोटीचा होता, सणाचा नव्हता. दुसरे कारण अगदी साधे, पण आमच्या मते अधिक महत्त्वाचे. विरहाला कागद लागतो. पत्रे, रोजनिशी, कविता हे सगळे दूर असतानाचे लेखन. माणूस घरी पोचला की पत्र लिहिणे थांबते. ज्याला लिहायचे तो समोर ओट्यावर बसलेला असतो. त्यामुळे दुःखाची कागदपत्रे उरतात आणि आनंदाची उरत नाहीत. आम्ही अभ्यासक कागदावर जगणारे. जे कागदावर नाही ते घडलेच नाही, अशी आमची नकळत समजूत होऊन बसते.

तरीही मराठी भाषेत या आनंदाला शब्द नाही असे मुळीच नाही. उलट तो इतका जवळचा आहे की परदेशाच्या संदर्भात तो आठवतच नाही. तो शब्द म्हणजे माहेर.

आपल्याकडे शतकानुशतके घर सोडून परक्या मुलखात नांदायला गेलेली व्यक्ती म्हणजे सासुरवाशीण. जात्यावरच्या ओव्यांत तिच्या परतीचे सारे टप्पे सापडतात. मुराळी म्हणून येणारा भाऊ, वाटेकडे लागलेले डोळे, आईच्या हातचे जेवण, आणि मुक्काम संपताना भरलेली ओटी. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या संकलित केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरचा विषय वारंवार येतो. त्या ओव्यांत दुःख आहेच. पण आनंदही आहे, आणि तो लाजत नाही.

या परंपरेकडे नीट पाहिले तर माहेरपणाचे काही नियम दिसतात. माहेरपणाला मुदत असते. चार दिवस, पंधरा दिवस, बाळंतपण असेल तर काही महिने; पण परत जायचे आहे हे दोन्ही घरांना ठाऊक असते. माहेरवाशीण रिकाम्या हाताने येत नाही आणि रिकाम्या हाताने जात नाही. आणि माहेर आपल्यावाचून चाललेले असते, हे तिला मान्य करावे लागते. तिच्या खोलीत आता भावजय असते, चुलीची जागा बदललेली असते, कुणी वारलेले असते, कुणी जन्मलेले. या बदलांसकट ते माहेर असते. वारकरी संतांनी पंढरीला माहेर म्हटले त्यातही हेच सूत्र आहे. वारकरी पंढरपुरात राहायला जात नाही. तो आषाढीला, कार्तिकीला जातो आणि संसारात परततो. 'वारी' या शब्दातच जाणे आणि येणे दोन्ही आहेत.

म्हणूनच परदेशातून चार आठवड्यांसाठी गावी येणाऱ्या माणसाच्या आनंदाला उथळ म्हणण्याचे काही कारण नाही. 'परतीचे तिकीट खिशात असताना कसली मातीची ओढ?' हा उपरोध आपल्याकडच्या कथांत आणि गप्पांत फार चालतो. माहेरवाशिणीच्या खिशातही परतीचे तिकीट असतेच. मुदत आहे म्हणून तो आनंद खोटा ठरत नाही. मुदतीमुळे तो दाट होतो.

इथवर आम्ही पुस्तकांच्या आधाराने आलो होतो. पुढचे आम्हांला कळंबने शिकवले. गेल्या डिसेंबरात त्या विद्यार्थिनीचे काका सुट्टीवर आले तेव्हा तिने आग्रहाने बोलावले, आणि आमच्यापैकी दोघे तिच्या घरी गेलो.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेकडून सोपारा, निर्मळ या बाजूने कळंबला जाता येते. हा मुलूख ये-जा करणाऱ्यांचाच. सोपारा हे प्राचीन बंदर. तिथला बौद्ध स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खननातून उजेडात आणला. निर्मळला कार्तिकात यात्रा भरते. पुढे कळंबचा किनारा, सुरूची झाडे, आणि आत वाड्या व घरे. आता वाटेवर इमारतीही बऱ्याच लागतात. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. २००९ साली इथे महानगरपालिका झाली आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्या माणसाच्या गावाचा पत्तासुद्धा दरम्यान बदलला आहे.

घरात शिरलो तेव्हा ओट्यावर बॅगा उघड्या पडल्या होत्या. खजूर, चॉकलेटे, दुधाच्या पावडरीचे डबे, अत्तराच्या बाटल्या, शेजाऱ्यांच्या मुलासाठी बूट. हे सारे आखातातून येणाऱ्या कुठल्याही घरचे दृश्य. दुसऱ्या कोपऱ्यात परतीचे सामान आतापासूनच जमू लागले होते: घरचा मसाला, पापड, सुके बोंबील आणि वसईची सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी पुष्कळ दिवस टिकतात, त्यामुळे दूर जाणाऱ्याबरोबर ती हटकून जातात. काका सकाळी लवकर उठून समुद्रावर जाऊन आले होते. किनाऱ्याची धूप होऊन सुरूची काही झाडे उन्मळून पडलेली त्यांनी पाहिली होती आणि तेच ते सगळ्यांना सांगत होते. घरच्या बोलीत त्यांचे बोलणे इतके भरभर चालले होते की आम्हांला मधूनमधून अर्थ विचारावा लागे. तिकडे वर्षभर ते कामावर हिंदी, इंग्रजी आणि तोडकीमोडकी अरबी बोलतात. "इथं आल्यावर दोन दिवस तोंड दुखतं बोलून बोलून," ते म्हणाले. आम्हांला हे वाक्य फार मोलाचे वाटले. मायबोलीचा आनंद आम्ही भावनेत मोजतो. त्यांनी तो जबड्याच्या दुखण्यात मोजला होता.

जेवताना विद्यार्थिनीची आई वाढत होती. सकाळपासून तिच्या हाताला उसंत नव्हती. मावळतीला आम्ही निघताना ती दारात म्हणाली, "भावजी आले की घर भरतं. गेले की दोन दिवस मी झोपूनच काढते." ती हसत होती आणि तक्रारही करत नव्हती. पण हे ऐकल्यावर आमच्या विषयाची दुसरी बाजू आमच्यासमोर उघडी झाली.

माहेर आपोआप टिकत नाही. कुणीतरी तिथे राहून ते टिकवावे लागते. बहिणाबाई चौधरी यांनी माहेरावरच्या आपल्या प्रसिद्ध कवितेत नेमके हेच ओळखले आहे: एकीला माहेर मिळते ते दुसरीच्या सासरी नांदण्यातून. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली तेव्हापासून ही कविता आम्ही मायलेकींची कविता म्हणून शिकवत आलो. ती परदेशस्थांना आणि त्यांच्या मागे राहणाऱ्यांनाही तितकीच लागू पडते, हे आम्हांला त्या दारात उमगले. येणाऱ्याचा आनंद राहणाऱ्याच्या कष्टावर उभा असतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून धरणगावी येणारा सुधीर आणि वाड्यात राहिलेला भास्कर यांच्यातला ताण याच जागी आहे. मुंबई परदेश नव्हे, पण नाते तेच. सोडून गेलेल्याला वाडा हवासा वाटतो. वाडा सांभाळणाऱ्याला त्याचे ओझे ठाऊक असते.

कळंबच्या त्या घरातही हे ओझे होते. संध्याकाळच्या चहाच्या वेळी सातबाऱ्याचा विषय निघाला. वाडीवर दोघा भावांची नावे आहेत. मजूर मिळत नाहीत, पाण्याची खात्री नाही, भाजीला भाव नाही. वाडीचा एक तुकडा विकावा असे थोरल्या भावाच्या मनात आहे, आणि धाकट्याच्या सहीवाचून ते होत नाही. धाकटा म्हणाला, "दादा, विकू नका. मला यायला गाव हवं." थोरला थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुला यायला हवं रे. मला जगायला हवं."

वसई परिसरात हा संवाद नवा नाही, हे तिथले वाचक जाणतातच. वाड्या, विहिरी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी इथे दीर्घकाळ आंदोलने झाली. मूळचे नंदाखालचे, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले आणि ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) हे 'हरित वसई'च्या लढ्यातले अग्रणी होते. ते स्वतः रोमला शिकून परतलेले. त्यांच्या बाबतीत परतणे म्हणजे पाहुणचार घेणे नव्हते, राहून भांडणे होते. सगळ्यांना ते शक्य नसते. पण गाव हिरवे राहावे असे ज्याला चार आठवड्यांपुरते वाटते, त्याने उरलेल्या अठ्ठेचाळीस आठवड्यांचा हिशेब कधीतरी विचारावा, एवढे तरी शक्य असते. आमचे स्पष्ट मत असे की, 'गाव आता पूर्वीसारखे राहिले नाही' ही परदेशस्थांच्या लेखनातली नेहमीची खंत या हिशेबाशिवाय अप्रामाणिक ठरते. गाव पूर्वीसारखे ठेवण्याचे काम कुणाचे होते, हा प्रश्न ती टाळते.

मात्र याचा अर्थ त्या धाकट्या भावाचा आनंद संशयास्पद आहे असा आम्ही काढत नाही. तो कशातून आला आहे ते आम्हांला नंतर समजले. २०२० च्या मार्च महिन्यात आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. मे महिन्यात परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठी सरकारने खास उड्डाणे सुरू केली, तरी ज्याला त्याला जागा मिळणे शक्य नव्हते. त्या उन्हाळ्यात त्यांची आई गेली, आणि अंत्यविधी त्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिला. तेव्हापासून दर वेळी घरी आल्यावर ते बॅग ठेवण्याआधी आईच्या खोलीत जाऊन बसतात. मग बाहेर येतात आणि हसतात. वर्गात आमची विद्यार्थिनी ज्याला 'नुसते खूश' म्हणाली होती, ते हे. दुःख ठाऊक असूनही ते खूश असतात.

सगळे परतणे आनंदाचे नसते, हेही इथे नोंदवले पाहिजे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना हवाई मार्गाने मायदेशी आणले गेले. बरेच जण कमाई मागे टाकून, नेसत्या वस्त्रानिशी आले. ती सुटका होती, भेट नव्हती. भेटीसाठी दोन घरे शाबूत असावी लागतात. एक येण्याचे आणि एक परत जाण्याचे.

दोन घरांच्या या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण मराठी उदाहरण म्हणजे बेने इस्राएल समाज. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या, मराठी ही ज्यांची घरची भाषा, अशा या समाजातले बहुसंख्य लोक १९४८ नंतर टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेले. धर्मश्रद्धेनुसार तेच त्यांचे मायदेशी परतणे. तरीही तिथे जाऊन त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, आणि आजही त्यांच्यापैकी अनेक जण कोकणात येतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या स्थानाचे दर्शन घेतात, जुनी घरे शोधतात. ज्याला 'परत जाणे' म्हणायचे ते करून झाल्यावरही माहेर कोकणातच राहिले. परात्मतेच्या आमच्या ठरीव चौकटीत हे बसत नाही. माहेराच्या चौकटीत ते सहज बसते, कारण माहेर आणि घर एकच असावे लागत नाही.

या साऱ्यावरून आमचे म्हणणे थोडक्यात असे. परदेशातून गावी येण्याच्या आनंदाला समीक्षेने गंभीरपणे घ्यावे. त्यासाठी बाहेरून उसनी परिभाषा आणण्याआधी आपल्याच ओव्यांतली आणि भक्तिपरंपरेतली माहेराची कल्पना तपासून पाहावी. आणि तो आनंद वाचताना तीन प्रश्न विचारावेत. त्याची मुदत किती? तो कुणाच्या कष्टावर उभा आहे? आणि येणाऱ्याने जाताना मागे काय ठेवले? या प्रश्नांनी आनंद कमी होत नाही. ओटी भरताना माहेरची माणसे आणि माहेरवाशीण दोघेही हाच हिशेब मनात करत असतात, आणि तरीही दोघांचे डोळे भरून येतात.

कळंबच्या वाडीचे काय झाले, असे वाचक विचारतील. सही झालेली नाही. नाहीही म्हटलेले नाही. काकांनी जाण्यापूर्वी विहिरीवर नवा पंप बसवून दिला आणि पुढच्या सुट्टीत बोलू म्हणाले. थोरल्या भावाने पंप बसवू दिला. यापलीकडे आम्हांला ठाऊक नाही, आणि विचारण्याचा आम्हांला अधिकारही नाही.

विद्यार्थिनीला मात्र आम्ही अंतर्गत मूल्यमापनासाठी तोच विषय दिला: 'काका घरी येतात तेव्हा'. तिने सहा पाने लिहिली. त्यांतली अडीच पाने येणाऱ्या आणि जाणाऱ्या सामानाच्या यादीची होती, एक पान आईच्या स्वयंपाकाचे, आणि एक परिच्छेद काका गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळचा. त्या सकाळी आजीच्या खोलीचे दार कुणी लावले नव्हते, एवढेच त्यात होते. परात्मता हा शब्द कुठेही नव्हता. आम्ही तिला त्या वर्षीचे सर्वाधिक गुण दिले.